शेअर चौपट, हिस्सा तेवढाच : गेमस्टॉपचे विभाजन आणि फ्लोट, २०२१ ते २०२४

गेमस्टॉप ही व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांची अमेरिकी कंपनी आहे. तिचे मुख्यालय टेक्सास राज्यातील ग्रेपव्हाइन येथे असून तिचा शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेला आहे. एप्रिल २०२० मध्ये हा शेअर ३ डॉलरच्याही खाली मिळत होता. २८ जानेवारी २०२१ रोजी भर बाजारात त्याचा भाव ४८३ डॉलरपर्यंत गेला, जुलै २०२२ मध्ये एकाचे चार या प्रमाणात त्याचे विभाजन झाले आणि २०२४ च्या मे-जूनमध्ये कंपनीने दोन टप्प्यांत १२ कोटी नवे शेअर बाजारात विकले. एकाच शेअरच्या वाट्याला सव्वाचार वर्षांत इतके सारे आल्यामुळे शेअरची संख्या, बाजारात फिरणारा साठा आणि भावाची अस्थिरता यांचा संबंध तपासण्यासाठी याहून सोयीचे प्रकरण क्वचितच सापडेल.

या काळात छोट्या गुंतवणूकदारांमध्ये एक समजूत घट्ट रुजली होती, आणि हे टिपण मुख्यतः तिच्यामुळे लिहिले आहे. भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करू, या हिशेबाने काही जण शेअर उसने घेऊन विकतात; विभाजन झाले की असे उसने शेअर विकून बसलेल्यांची कोंडी होईल, त्यांना मिळेल त्या भावाने खरेदी करावी लागेल आणि भाव पुन्हा उसळेल, अशी ती समजूत होती. अनेकांनी तिच्या भरवशावर बचत गुंतवली. विभाजनाने मोजण्याचे एकक बदलते, पुरवठा बदलत नाही. पुरवठा ठरतो तो फ्लोटवर, म्हणजे बाजारात फिरणाऱ्या शेअरवर, आणि फ्लोटमध्ये खरा फरक कंपनीने नवे शेअर विकले तेव्हाच पडला. तो फरक किती होता आणि त्याचा भार कोणावर पडला, हे आकड्यांनिशी पाहणे आवश्यक आहे.

फ्लोटचा आकडा आणि त्यामागची वस्तुस्थिती

भागधारकांच्या हाती असलेल्या एकूण शेअरमधून संचालकांचे, प्रवर्तकांचे आणि सहसा विक्रीला न येणारे मोठे हिस्से वजा केले की जे शेअर उरतात, त्यांना फ्लोट म्हणतात. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉपचे एकूण शेअर सुमारे ६ कोटी ९७ लाख होते. त्यांपैकी जवळपास १३ टक्के गुंतवणूकदार रायन कोहेन यांच्या आरसी व्हेंचर्स या संस्थेकडे होते, आणि कोहेन यांच्यासह तिघे संचालक मंडळावर येणार असल्याचे ११ जानेवारीला जाहीर झाल्यानंतर हा हिस्सा नजीकच्या काळात विक्रीला येण्याची शक्यता जवळजवळ उरली नव्हती. बाकीच्यातही मोठ्या संस्थांचा वाटा बराच होता.

दुसऱ्या बाजूला, हा शेअर पडणार असे मानून तो उसना घेऊन विकलेल्यांची संख्या असाधारण होती. अमेरिकेच्या रोखे नियामकाच्या कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जानेवारीत शॉर्ट विक्रीचे, म्हणजे अशा उसने घेऊन विकलेल्या शेअरचे, फ्लोटशी प्रमाण १२२.९७ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. हा आकडा वाचल्यावर पहिली शंका येते ती अशी की अस्तित्वात असलेल्या शेअरपेक्षा जास्त शेअर उसने कसे काय घेता येतील, आणि त्यातून बनावट शेअर निर्माण झाल्याचा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला.

त्याची उकल साधी आहे. एका गुंतवणूकदाराने आपले १०० शेअर उसने दिले, घेणाऱ्याने ते बाजारात विकले आणि ते तिसऱ्याने विकत घेतले, असे समजू. तिसऱ्याच्या दृष्टीने ते पूर्णपणे त्याचेच शेअर आहेत, आणि त्याच्या खात्याच्या अटींनुसार त्याचा ब्रोकर तेच शेअर पुन्हा उसने देऊ शकतो. ते पुन्हा विकले गेले की १०० शेअरवर २०० शेअरची शॉर्ट विक्री उभी राहते, मात्र मूळ शेअर १०० चे १०० च राहतात. परतफेडीतही हेच उलट घडते. परत आलेला शेअर मूळ धन्याने विकला तर त्याच शेअरने दुसरी उसनवारीही फिटते. त्यामुळे शंभर टक्क्यांवर गेलेला आकडा परतफेड अशक्य असल्याचे सांगत नाही. परतफेड करणाऱ्यांना एकाच वेळी खरेदी करावी लागली तर विक्रेते शोधणे किती महाग पडेल, एवढे मात्र तो ठळकपणे दाखवतो.

फ्लोटच्या आकड्यातली खरी फसगत आणखी वेगळी आहे, आणि ती याच अहवालातल्या दुसऱ्या नोंदीवरून कळते. १३ ते २९ जानेवारी या काळात दररोज सरासरी सुमारे १० कोटी शेअरची उलाढाल झाली. एकूण शेअर सात कोटींहून कमी असताना दिवसाला दहा कोटींची उलाढाल होते, याचा अर्थ काही शेअर एका दिवसात अनेकदा हात बदलत होते आणि उरलेले जागचे हलत नव्हते. कागदावरचा फ्लोट तोच राहूनही प्रत्यक्ष विक्रीला असलेला साठा तासागणिक बदलत होता. म्हणून फ्लोटकडे तक्त्यातला स्थिर आकडा म्हणून न पाहता, अमुक भावाला इतके शेअर विकायला मालक तयार आहेत, अशा उतरंडीसारखे पाहणे मला अधिक योग्य वाटते. साठा लहान असेल तर या उतरंडीच्या पायऱ्या विरळ असतात, आणि थोड्याशा खरेदीनेही भाव बऱ्याच पायऱ्या ओलांडतो. विक्री आली की तितक्याच वेगाने खाली येतो.

जानेवारी २०२१

२०२० संपताना शेअरचा बंद भाव १८.८४ डॉलर होता. २२ जानेवारीला तो ६५.०१, २६ जानेवारीला १४७.९८ आणि २७ जानेवारीला ३४७.५१ डॉलरवर बंद झाला. या महिन्याच्या सुरुवातीला दिवसाला दहा हजारांहून कमी खाती या शेअरमध्ये व्यवहार करत होती. २७ जानेवारीला ती संख्या जवळपास नऊ लाखांवर गेली. शॉर्ट विक्रेत्यांनी परतफेडीसाठी केलेली खरेदी हे या चढाचे एक कारण होते, परंतु नियामकाच्या कर्मचाऱ्यांच्या मते एकूण खरेदीत तिचा वाटा लहान होता आणि काही आठवडे टिकलेली चढण मुख्यतः सकारात्मक भावनेने केलेल्या खरेदीतून आली. ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारे करार) विकणाऱ्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी केलेल्या खरेदीमुळे भाव चढला, या बहुचर्चित स्पष्टीकरणालाही त्यांना पुरावा आढळला नाही. म्हणजे लहान साठा आणि मोठी उसनवारी यांनी मैदान तयार केले होते, पण त्यावर उतरलेली गर्दी नवी होती.

२८ जानेवारीचा दिवस पुरवठा-मागणीच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. भाव इतका हेलकावत असताना, व्यवहार पुरा होईपर्यंतच्या जोखमीपोटी ब्रोकरांनी क्लिअरिंग संस्थेकडे, म्हणजे व्यवहार पुरे करून देणाऱ्या संस्थेकडे, ठेवायची रक्कम वाढते. त्या काळी अमेरिकेत व्यवहार दोन दिवसांनी पुरा होत असे. रॉबिनहूड या ब्रोकर कंपनीकडे त्या पहाटे सुमारे ३०० कोटी डॉलरची मागणी झाली. ती पुढे सुमारे ७० कोटींपर्यंत कमी करण्यात आली, मात्र कंपनीने त्या दिवशी ग्राहकांना या शेअरची नवी खरेदी करू दिली नाही आणि विक्री चालू ठेवली. इतर काही ब्रोकरांनीही निर्बंध घातले. त्या एका दिवसात भाव ४८३ डॉलरवर जाऊन ११२.२५ पर्यंत घसरला आणि १९३.६० वर बंद झाला. शेअरची संख्या, फ्लोट, कंपनीचा धंदा यांपैकी काहीही त्या सहा-सात तासांत बदलले नव्हते. खरेदीदारांचा एक मोठा गट बाजूला झाला आणि विरळ पायऱ्यांची ती उतरंड भावाने एका झटक्यात उलट दिशेने उतरली. २ फेब्रुवारीला बंद भाव ९० डॉलर होता.

एका तपशिलाकडे फारसे लक्ष जात नाही, पण पुढच्या विवेचनासाठी तो महत्त्वाचा आहे. या संपूर्ण जानेवारीत कंपनीने स्वतः एकही नवा शेअर विकला नाही. भाव भडकलेला असताना पुरवठा वाढवू शकणारा एकमेव पक्ष गप्प होता.

विभाजन : काय बदलले आणि काय नाही

३१ मार्च २०२२ रोजी कंपनीने जाहीर केले की अ वर्गाच्या (साध्या) शेअरची अधिकृत मर्यादा, म्हणजे कंपनीला काढता येणाऱ्या शेअरची कमाल संख्या, ३० कोटींवरून १०० कोटींपर्यंत वाढवण्यासाठी भागधारकांची मंजुरी घेतली जाईल आणि त्यानंतर लाभांशाच्या रूपात शेअर वाटून विभाजन केले जाईल. २ जूनच्या वार्षिक सभेत मंजुरी मिळाली आणि ६ जुलैला संचालक मंडळाने प्रमाण जाहीर केले. १८ जुलैला ज्यांच्या नावावर शेअर होते, त्यांना २१ जुलैला बाजार बंद झाल्यावर प्रत्येक शेअरमागे आणखी तीन शेअर मिळाले आणि २२ जुलैपासून नव्या भावाने व्यवहार सुरू झाले. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, भाव सुमारे १५ टक्क्यांनी वाढला होता.

विभाजनापूर्वीचा अखेरचा बंद भाव १५३.४७ डॉलर होता. त्याचा चौथा भाग ३८.३७ डॉलर होतो. एकूण शेअर सुमारे ७ कोटी ६० लाखांवरून ३० कोटी ४० लाखांवर गेले. ज्याच्याकडे कंपनीचा एक लाखावा हिस्सा होता, त्याच्याकडे नंतरही एक लाखावाच हिस्सा राहिला. फ्लोट चौपट झाला, पण त्याचबरोबर कोहेन यांचे शेअर चौपट झाले, संस्थांचे चौपट झाले आणि उसने घेतलेले शेअरही चौपट झाले. फ्लोटचे एकूण शेअरशी असलेले प्रमाण आणि शॉर्ट विक्रीचे फ्लोटशी असलेले प्रमाण, ही अस्थिरतेच्या दृष्टीने कामाची दोन्ही प्रमाणे जशीच्या तशी राहिली.

विभाजन लाभांशाच्या रूपात होते, यावरून मोठा गैरसमज पसरला. बोनस शेअरसारखी ही रचना असल्यामुळे शॉर्ट विक्रेत्याला धन्याला तीन जादा शेअर द्यावे लागतील, आणि ते बाजारातून विकत घेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही, असा तर्क केला गेला. त्याची पहिली अर्धी बाजू बरोबर आहे. ज्याने १६० डॉलर भावाचे १०० शेअर उसने घेतले होते, त्याच्यावर विभाजनानंतर ४०० शेअरचे देणे येते. पण ते शेअर आता ४० डॉलरचे आहेत, म्हणून देण्याचे मूल्य आधीही १६ हजार डॉलर होते आणि नंतरही १६ हजारच राहते. शिवाय हे देणे त्याच दिवशी चुकवायचे नसते. उसनवारी चालूच राहते आणि खात्यातली शिल्लक १०० ऐवजी ४०० अशी नोंदली जाते. ऑप्शनच्या बाबतीतही हेच होते : २०० डॉलर स्ट्राइकच्या (करारात ठरलेल्या भावाच्या) एका कराराऐवजी ५० डॉलर स्ट्राइकचे चार करार धारकाच्या खात्यात येतात.

काही परदेशी ब्रोकरांनी या वाटपाची नोंद लाभांश म्हणून न करता साधे विभाजन म्हणून केली, आणि त्यावरून आपले खरे शेअर मिळालेच नाहीत अशी धास्ती अनेकांनी घेतली. वाटपासाठी लागणारे सर्व शेअर हस्तांतरण एजंटकडे (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) सोपवले असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. माझ्या मते या धास्तीला सरसकट अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण एका घटनेला दोन ठिकाणी दोन नावे दिली गेली तर सामान्य धारकाने कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. मात्र नोंदीचे नाव काहीही असले तरी धारकाच्या हाती आलेला हिस्सा सारखाच होता.

अधिकृत मर्यादेबद्दलही असाच एक चकवा होता. ३० कोटींवरून १०० कोटी म्हणजे कंपनीने स्वतःसाठी नवे शेअर काढण्याची प्रचंड मोकळीक करून घेतली, असे वरवर वाटते. आधी हे लक्षात घ्यायला हवे की ७ कोटी ६० लाखांचे चौपट ३० कोटी ४० लाख होतात, म्हणजे जुन्या मर्यादेत एकाचे चार हे विभाजन बसतच नव्हते. आणि दुसरे असे की विभाजनानंतरचे १०० कोटी शेअर म्हणजे विभाजनापूर्वीचे २५ कोटी. जुन्या मोजमापाने पाहिले तर कमाल मर्यादा ३० कोटींवरून २५ कोटींवर आली होती, वाढली नव्हती. एकक बदलले की तुलना करताना किती सावध राहावे लागते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मग विभाजनाने भावाच्या वागणुकीवर काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण तो वेगळ्या वाटेने. युजीन फामा, लॉरेन्स फिशर, मायकेल जेन्सन आणि रिचर्ड रोल यांनी १९६९ मध्ये, १९२७ ते १९५९ या काळातील न्यूयॉर्क बाजारातल्या ९४० विभाजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भावातली असाधारण वाढ विभाजनाच्या आधीच होऊन गेलेली असते आणि नंतर सरासरी जादा परतावा मिळत नाही, असे त्यांना आढळले. १९८५ मध्ये जेम्स ओल्सन आणि स्टीफन पेनमन यांनी मात्र दाखवून दिले की विभाजनानंतर शेअरच्या दैनंदिन परताव्यातील चढउतार वाढतो. हिस्सा तोच असताना अस्थिरता वाढावी, हे सिद्धांताला न पटणारे होते, आणि त्याच्या कारणांवर पुढे बरीच चर्चा झाली.

त्यातली काही कारणे या प्रकरणात सहज दिसतात. भावातली किमान हालचाल एक सेंटची असते. १५३ डॉलरच्या शेअरवर ती ०.००६५ टक्के होती, ३८ डॉलरच्या शेअरवर ०.०२६ टक्के झाली, म्हणजे प्रत्येक पायरी प्रमाणाने चौपट उंच झाली. ऑप्शनचा एक करार १०० शेअरचा असतो. विभाजनापूर्वी एका करारामागे सुमारे १५,३०० डॉलरचे शेअर होते, नंतर सुमारे ३,८०० डॉलरचे. त्यामुळे लहान रकमेने मोठा सट्टा खेळणे अधिक जणांच्या आवाक्यात आले. शेअरचा अंश विकत घेण्याची सोय अनेक ब्रोकर देत असल्याने खुद्द शेअर परवडण्याचा प्रश्न पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, पण ऑप्शनच्या कराराला ती सोय लागू होत नाही. या गोष्टींमुळे कोण व्यवहार करतो आणि किती वेळा करतो, ते बदलू शकते. शॉर्ट विक्रेत्याची कोंडी मात्र यांतल्या कशानेच होत नाही.

झालेही तसेच. जुलैतल्या ३८ डॉलरवरून २०२२ संपताना भाव १८.४६ डॉलरवर आला होता. त्या वर्षी एकूण बाजारच घसरला होता, त्यामुळे या घसरणीचे खापर विभाजनावर फोडणे चुकीचे होईल. पण विभाजनाने भाव उसळेल या भरवशावर ज्यांनी खरेदी केली, त्यांच्या अपेक्षेला आधार नव्हता, हे उघड झाले.

स्वतःच्या नावावर शेअर नोंदवण्याची मोहीम

फ्लोट आटवण्याचा एक प्रयत्न भागधारकांनी स्वतःही केला. ब्रोकरच्या खात्यातले शेअर काढून हस्तांतरण एजंट असलेल्या कॉम्प्युटरशेअरकडे थेट स्वतःच्या नावावर नोंदवले, तर ते उसने देता येणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. ऑक्टोबर २०२२ अखेरीस अशा रीतीने नोंदलेले शेअर ७ कोटींहून अधिक, म्हणजे एकूण संख्येच्या जवळपास चौथा हिस्सा होते. हजारो सामान्य लोकांनी कोणतीही संस्था पाठीशी नसताना हे घडवून आणले, ही बाजाराच्या इतिहासातली दखल घेण्यासारखी गोष्ट आहे. मात्र भाव याच काळात उतरत गेला. जे शेअर तसेही विकले जाणार नव्हते, त्यांची जागा बदलल्याने विक्रीच्या उतरंडीत फारसा फरक पडत नाही. उरलेल्या तीन-चतुर्थांश साठ्यात विकणारे पुरेसे होते आणि नवे खरेदीदार येत नव्हते. साठा आटला की भाव चढतोच असे नाही. आटलेल्या साठ्यात मागणी आली तर भाव वेगाने चढतो आणि मागणी गेली तर वेगाने उतरतो, एवढेच खात्रीने म्हणता येते.

फ्लोट खरोखर वाढला तेव्हा

कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये ३५ लाख नवे शेअर विकून सुमारे ५५ कोटी १० लाख डॉलर आणि जून २०२१ मध्ये ५० लाख शेअर विकून सुमारे ११२ कोटी ६० लाख डॉलर उभे केले. हे ८५ लाख शेअर जानेवारीतल्या एकूण संख्येच्या साधारण १२ टक्के होते. विभाजनासारखे हे शेअर प्रत्येकाला प्रमाणात वाटलेले नव्हते. पैसे देणाऱ्या नव्या मालकांकडे ते गेले आणि थेट फ्लोटमध्ये मिसळले.

साठ्यात पडलेला खरा फरकच भाव हलवतो, या तत्त्वाची दुसऱ्या देशातली साक्ष २००८ ची आहे. पोर्शे या जर्मन मोटार कंपनीने २६ ऑक्टोबर २००८ रोजी जाहीर केले की फोक्सवॅगन या दुसऱ्या मोटार कंपनीचे ४२.६ टक्के साधे शेअर तिच्याकडे असून आणखी ३१.५ टक्क्यांवर तिचे ऑप्शन आहेत. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होतेच, म्हणजे बाजारात सहा टक्क्यांहून कमी शेअर उरले आणि शॉर्ट विक्री त्याच्या दुपटीहून अधिक होती. २१० युरोंच्या आसपासचा शेअर दोन दिवसांत एक हजार युरोंवर गेला. पोर्शेने आपल्या व्यवहारांतून पाच टक्क्यांपर्यंत शेअर मोकळे करण्याची तयारी दाखवल्यावर तो कोसळला. पाच टक्के हा हिस्सा एरवी किरकोळ वाटला असता, परंतु सहा टक्क्यांच्या साठ्यात त्याची भर पडल्यास पुरवठा जवळजवळ दुप्पट होणार होता.

गेमस्टॉपमध्ये असाच पुरवठा मे २०२४ मध्ये आला. २०२१ च्या जानेवारीत या शेअरचे समर्थन करून प्रसिद्ध झालेल्या कीथ गिल यांनी तीन वर्षांच्या मौनानंतर १२ मे रोजी एक चित्र प्रसिद्ध केले, आणि १३ मे रोजी भाव ७४ टक्क्यांनी वाढून ३०.४५ डॉलरवर बंद झाला. १४ मे रोजी दिवसातला उच्चांक ६४.८३ आणि बंद भाव ४८.७५ होता. या वेळी कंपनी गप्प राहिली नाही. १७ मे रोजी तिने ४ कोटी ५० लाखांपर्यंत शेअर विकण्याचा इरादा जाहीर केला, त्या एका दिवसात भाव सुमारे पाचव्या भागाने उतरला, आणि २४ मेपर्यंत ही विक्री पूर्ण होऊन ९३ कोटी ३४ लाख डॉलर आले. ७ जूनला आणखी ७ कोटी ५० लाख शेअरची घोषणा झाली आणि त्या दिवशी भाव ४६.५५ वरून २८.२२ डॉलरवर आला. ११ जूनला जाहीर झालेल्या हिशेबानुसार या दुसऱ्या विक्रीतून सुमारे २१३ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. पहिल्या टप्प्याचा सरासरी भाव २०.७४ आणि दुसऱ्याचा २८.४९ डॉलर पडतो. एकूण शेअर सुमारे ४२ कोटी ६० लाख झाले.

२०२१ आणि २०२४ या दोन उसळ्यांमधला हा फरक मला निर्णायक वाटतो. दोन्ही वेळा मागणीचा लोंढा अचानक आला. पहिल्या वेळी विक्रीच्या बाजूला तेच मोजके शेअर होते. दुसऱ्या वेळी चढ्या भावाला कंपनी स्वतः विक्रेती म्हणून उभी राहिली आणि जवळपास ४० टक्के नवे शेअर ओतले.

कोणाच्या हाती काय आले

एखाद्याने २७ जानेवारी २०२१ च्या बंद भावाला १० शेअर घेतले असे धरू. त्याचे ३,४७५.१० डॉलर लागले. विभाजनानंतर त्याच्याकडे ४० शेअर झाले आणि प्रत्येकाचा खर्च ८६.८८ डॉलर ठरला. २०२२ च्या अखेरीस त्यांचे मूल्य सुमारे ७३८ डॉलर होते. मे २०२४ मधल्या उसळीत, अगदी ६४.८३ डॉलरच्या शिखरावर विकले असते तरी त्याच्या हाती २,५९३ डॉलर आले असते, म्हणजे मुद्दलही सुटले नसते. जुना आणि नवा भाव शेजारी ठेवताना इथेच गल्लत होते. आजच्या आलेखात जानेवारी २०२१ चे शिखर १२०.७५ डॉलर दिसते, कारण आलेख मागचे भावही चारने भागून दाखवतो. ४८३ ही आठवण मनात ठेवून जो विभाजनानंतरच्या ३० डॉलरकडे पाहतो, त्याला शेअर शिखराच्या सोळाव्या हिश्शावर आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो चौथ्या हिश्शावर असतो.

नव्या शेअरमुळे जुन्या धारकाचे नुकसान झाले का, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. मे-जून २०२४ नंतर त्याचा कंपनीतला टक्का साधारण २८ टक्क्यांनी घटला, आणि चढत्या भावाचा लाभ घेण्याची त्याची संधी या विक्रीनेच आखडली. ज्यांनी त्या दिवसांत ४० डॉलरच्या वर खरेदी केली, त्यांना तर हा पुरवठा थेट सोसावा लागला. पण त्यांच्यासारख्यांनी दिलेला पैसा कंपनीच्या तिजोरीत गेला होता. मे २०२४ च्या सुरुवातीला कंपनीकडे सुमारे १०८ कोटी डॉलर, म्हणजे एका शेअरमागे साडेतीन डॉलर रोख आणि रोख्यांच्या स्वरूपात होते. ३ ऑगस्टला ही रक्कम सुमारे ४२० कोटी डॉलर झाली होती, आणि वाढलेल्या शेअरसंख्येने भागूनही ती एका शेअरमागे दहा डॉलरच्या जवळ येत होती.